रोहित पक्ष्यांचे छायाचित्रण : एक प्रत्यक्ष पाठ

नवी मुंबईच्या पश्चिमेस असलेल्या ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत सहस्रावधी रोहित पक्षी उतरतात. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य झाला व २०२२ साली त्यास रामसर स्थळाचा दर्जा लाभला. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला पाठ देण्यास हे स्थळ उत्तम होय.

पक्षी दूर असतात, म्हणून ३०० मिलिमीटर वा अधिक नाभीय अंतराचे भिंग वापरावे. चित्रासाठी जवळ जाऊन थवा उठवू नये, हे विद्यार्थ्यांस आधीच बजावावे.

चित्राची उजळता भिंगाचे छिद्र, शटरचा वेळ व आयएसओ या तिहींवर अवलंबून असते. उडता पक्षी टिपण्यासाठी शटरचा वेळ १/२५० वरून १/१००० सेकंद केल्यास प्रकाश चतुर्थांश होतो. ती उणीव आयएसओ १०० चा ४०० केल्याने भरून निघते. मात्र चित्रात रवाळपणा वाढतो. हा हिशेब फळ्यावर करवून घ्यावा.

पुढे संगणकावर चित्राच्या कडा छाटणे वा काळवंडलेला भाग उजळणे योग्य. रंग मात्र वाढवू नयेत. रोहिताचा गुलाबी रंग अन्नातील रंगद्रव्यांपासून येतो. अल्पवयीन पक्षी करडे असतात. करडा पक्षी गुलाबी केल्यास चित्र मोहक होईल, परंतु थव्यात तरुण पक्षी होते ही नोंद पुसली जाईल. म्हणून मूळ चित्र दिनांक व स्थळासह जसेच्या तसे जपावे.

स्वाध्याय : थव्याच्या एका चित्रातील करडे व गुलाबी पक्षी मोजून कोष्टक तयार करावे.