पूर्वसाहित्याचा आढावा : आशयसूत्रांनुसार मांडणी

महाविद्यालयीन प्रकल्पात 'पूर्वसाहित्याचा आढावा' हे प्रकरण असते. आपल्या विषयावर आधी कोणी काय लिहिले, त्यांचे कोठे एकमत आहे, कोठे मतभेद आहेत आणि कोणता प्रश्न उरतो, हे त्यात सांगावयाचे असते. हा आढावा म्हणजे पुस्तकांची यादी नव्हे.

समजा, भिलाईतील एका विद्यार्थिनीने 'पोलादनगरीतील कामगार' हा विषय घेतला. तिचे वडील कंत्राटी कामगार आहेत. पहिल्या खर्ड्यात तिने एकेका लेखकाला एकेक परिच्छेद दिला. सारांश अचूक होते. परंतु लेखकांचा परस्परांशी संबंध दिसेना आणि वडिलांसारख्यांचे जीवन कोठेच ठळकपणे पुढे येईना.

मग तिने प्रत्येक मुद्दा वेगळ्या कागदावर उतरवला, कोपऱ्यात लेखकाचे नाव व वर्ष लिहिले आणि सारखे मुद्दे एकत्र ठेवले. त्यातून दोन आशयसूत्रे हाती आली.

१. राष्ट्राचा नमुना म्हणून पोलादनगरी : भिलाईचा कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला, पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. नव्या राष्ट्राची प्रतिमा पोलादनगरींत कशी पाहिली गेली, याची चर्चा श्रीरूपा रॉय (२००७) करतात. जोनाथन पॅरी व क्रिस्टियान स्ट्रुम्पेल (२००८) भिलाई आणि राउरकेला यांची तुलना करून हे स्वप्न दोन्हीकडे सारखे उतरले नाही, असे दाखवतात.

२. कायम आणि कंत्राटी कामगार : पॅरी (२०२०) कायम कामगाराची 'नोकरी' आणि कंत्राटी मजुराचे 'काम' यांतील दरी दाखवतात. दल्ली-राजहरा येथील खाण कामगारांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली. त्या चळवळीवरील लेखनही येथेच येते; कारण कंत्राटी मजूर संघटित होऊ शकत नाहीत, ही समजूत ते तपासावयास लावते.

येथे पॅरी दोन्ही सूत्रांत आले आहेत, हे लक्षात घ्या. परिच्छेदाची सुरुवात लेखकाच्या नावाने न करता मुद्द्याने करावी. 'याउलट', 'याच मताला पुष्टी देत', 'मात्र' अशा शब्दांनी लेखकांची मते जोडावीत.

शेवटी उरलेला प्रश्न मांडावा. उदाहरणार्थ, 'काम सुटल्यावर कंत्राटी मजुराच्या घराचे काय होते?' याचे उत्तर सापडले नाही, तर 'यावर कोणीच लिहिलेले नाही' असे म्हणू नये. 'मी वाचलेल्या साहित्यात हे आढळले नाही' असे लिहावे. हाच प्रश्न पुढे आपल्या प्रकल्पाचा पाया ठरतो.

पाठगत प्रश्न
१. लेखकवार मांडणीत कोणती उणीव राहते?
२. एकच लेखक दोन सूत्रांत का येऊ शकतो?
३. आपल्या गावातील एका व्यवसायाविषयी तीन लेख वाचा. त्यांतील मुद्दे वेगवेगळ्या कागदांवर लिहून दोन आशयसूत्रे ठरवा.