जोड सांधताना

‘ईझी रायडर’ या १९६९ च्या अमेरिकन चित्रपटातील मोटारसायकलींच्या मागच्या चाकाला स्प्रिंगचा आधार नव्हता. चाक थेट सांगाड्यालाच जखडलेले होते. या रचनेस ‘हार्डटेल’ म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनने १९५८ साली आपल्या मोठ्या गाड्यांना मागे स्प्रिंग दिली. तरीही जुन्या घडणीच्या मोहाने अमेरिकेतील हौशी कारागीर आजही सांगाड्याचा मागचा भाग कापून तेथे ताठ, त्रिकोणी भाग जोडतात.

कापणे सोपे, कसोटी सांध्याची. नळ्यांची तोंडे नुसती टेकवून वेल्डिंग केले, तर रस्त्यावरचा प्रत्येक हादरा त्याच सांध्यावर येतो आणि वेल्डच्या कडेला चीर पडू शकते. धावत्या गाडीत ती वाढली, तर प्रसंग स्वाराच्या जिवावर बेततो. म्हणून जाणता वेल्डर दोन्ही नळ्यांच्या आत घट्ट बसणारा पोलादी तुकडा सरकवतो, नळ्यांना भोके पाडून तीही वेल्डने भरतो आणि मगच कडेचा सांधा घेतो.

त्याआधी सांगाडा जिगवर आवळून केवळ टाके घातलेले असतात. मागच्या चाकाचा आस मध्यरेषेशी काटकोनात आहे ना, हे दोरी लावून पाहिले जाते. वेल्ड थंड होताना आकसते व नळीला आपल्याकडे ओढते. म्हणून थोडे या बाजूस, थोडे त्या बाजूस, असे धीराने करावे लागते. घाई केलेली गाडी एका अंगाला ओढ घेते, साखळीही तिरपी चालते.

शेवटी वेल्डवर लाल रंगद्रव लावून पुसतात आणि वर पांढरी भुकटी फवारतात. केसाएवढी चीर असली, तरी त्या पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.