कर्करोगाची गोळी आणि चेहऱ्यावरचं पुरळ

फुप्फुसाच्या कर्करोगावर जेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा अफाटिनिबसारखी गोळी सुरू होते आणि आठ-पंधरा दिवसांत नाक, गाल, डोकं, छाती यांवर लालसर, पू धरल्यासारखं पुरळ उठतं. आग होते, खाज सुटते. घरात कुणीतरी म्हणतं, ‘गोळी उष्ण पडली,’ आणि कुणालाही न विचारता गोळी बंद होते. कृपा करून असं करू नका.

ही गोळी ईजीएफआर नावाच्या प्रथिनाचं काम अडवते. कर्कपेशी त्याच्या जोरावर वाढतात. पण त्वचा, केसांची मुळं आणि नखांच्या कडा यांनाही ते लागतं. म्हणून हे पुरळ. ते संसर्गजन्य नाही, नातवंडांना खुशाल जवळ घ्या.

दिसायला मुरमांसारखं असलं, तरी हे मुरूम नव्हेत. मुरमांची क्रीमं कोरडी त्वचा आणखी कोरडी करतात. लिंबू, बेसन लावू नका. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं ट्यूब आणू नका.

खरी काळजी पहिल्या गोळीपासूनच घ्यायची. कोमट पाण्यानं अंघोळ, अंग ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर, बाहेर पडताना किमान एसपीएफ 30चं सनस्क्रीन. पुरळ उठण्याआधीच सहा ते आठ आठवडे डॉक्सिसायक्लिनची गोळी द्यायची का, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. ती दाह कमी करते. भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते.

पुढे महिना-दोन महिन्यांनी पायाच्या अंगठ्याच्या नखाची कड सुजते, तिथं लाल मांस वाढतं, चादर लागली तरी कळ येते. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, सैल चपला वापरा. यकृत किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबमध्ये त्रास तळहात-तळपायांना होतो, जिथं दाब पडतो तिथं. तिथं युरियाचं क्रीम आणि मऊ सपाता उपयोगी पडतात.

ताप, अंगावर फोड, साल निघणं, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि पुढचा डोस घ्यायचा की नाही, ते तिथंच विचारा.

एरवीही पुढच्या तारखेपर्यंत सोसत बसू नका. पुरळाचा फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करणं किंवा काही दिवस थांबवणं त्यांच्या हातात आहे. तो निर्णय त्यांनाच घेऊ द्या.