शेवटच्या पंगतीचा हंडा

वाचकहो, गावात सप्ताह बसावयाचा ठरला की वीणा कोणी धरावी, पहारे कोणाचे, काल्याचे कीर्तन कोणत्या बोवांचे, याची आखणी दोन महिने आधी चोख होते. पण महाप्रसादाची गोष्ट निघाली की, "होईल हो, पांडुरंग बघून घेईल," असे म्हणून मंडळी उपरणे झटकून उठतात. पांडुरंग बघतोच, पण तांदूळ मोजणे त्याने आपल्याकडे सोपविले आहे. ज्या गावी यंदा पहिल्यांदाच आचाऱ्यावाचून, आपल्या हातांनी महाप्रसाद रांधावयाचा आहे, त्या गावच्या मंडळींसाठी हा पाठ आहे.

आधी काला म्हणजे काय ते ध्यानी घ्यावे. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या. कुणाची दहीभाताची, कुणाची शिळ्या भाकरीची. देवाने साऱ्या एकत्र कालविल्या, आणि माझे-तुझे उरले नाही. तेव्हा काल्याच्या दिवशीचे जेवण हे नुसते पोट भरण्याचे काम नव्हे. पहिल्या पानावर जे पडले तेच शेवटच्या पानावर पडले, तर काला झाला. नाही तर ते गावजेवण झाले.

हे शहाणपण आम्हांस पोथीतून आले नाही, फजितीतून आले. आमच्या पहिल्या वर्षी आम्ही अंदाज तीनशेचा धरला आणि कीर्तनाला माणूस लोटले पाचशेच्या घरात. सगळा तांदूळ एकाच मोठ्या हंड्यात एकदमच घातला. खालचा भात लागला, मधला गिच्च झाला आणि वरचा कच्चा राहिला. तिसऱ्या पंगतीला वरणात पाणी ओतले, चौथीला आणखी ओतले. शेवटच्या पंगतीला बसल्या त्या सकाळपासून भांडी घासणाऱ्या बाया आणि लाकडे फोडणारी पोरे. त्यांच्या पत्रावळीवर करपट भात आणि पिवळे पाणी पडले. त्यांत एक म्हातारी होत्या. आम्ही ओशाळून म्हणालो, "आजी, चुकलं आमचं." त्या म्हणाल्या, "भाताचं ऱ्हाऊ द्या, माउली. मी भांड्यापाशी व्हते, कीर्तनाला आले न्हाई. काल्याचं चिमूटभर तरी हाय का?" बघतो तो परात पुसून काढलेली! लाहीचा एक दाणा नव्हता. त्या दिवशी आमच्या घशाखाली घास उतरला नाही.

असो. त्या दिवसापासून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, मोजणी. शंभर माणसे हे एक माप धरावे. पोळी-भाकरी असेल तर शंभरांस ८ किलो तांदूळ, नसेल तर १२ किलो. तूरडाळ ४ किलो. गव्हाच्या खिरीस ५ किलो गहू आणि तितकाच गूळ. भाजी करणार असाल तर १० किलो. पाचशे माणसांचा अंदाज असला की याची पाचपट करावी. शिवाय पाचवा हिस्सा धान्य कोरडे, राखीव ठेवावे. राखीव ठेवावयाचे ते कच्चे, शिजविलेले नव्हे. माणसे आली नाहीत तर कच्चा तांदूळ पुढच्या एकादशीनंतरही चालतो. शिजलेला भात संध्याकाळपर्यंतही भरवशाचा नाही.

दुसरी गोष्ट, एक पंगत, एक हंडा. शंभर पाने बसतील एवढाच भात एका हंड्यात शिजवावा. पहिली पंगत बसली की दुसरीचा हंडा निखाऱ्यावर मुरत असावा, आणि तिसरीचे आधण चुलीवर. एका पंगतीला अर्धा-पाऊण तास जातो. पाच पंगती म्हणजे तीन तासांच्या वर वेळ. सगळा भात सकाळी करून ठेवला तर पाचवी पंगत गार गोळा खाईल. हंड्याला पंगतीचा नंबर खडूने घालावा आणि एका पंगतीच्या हंड्याला दुसऱ्या पंगतीच्या वाढप्याने हात लावू नये.

तिसरी गोष्ट, घरचे प्रमाण मोठ्या भांड्यास लागत नाही. घरी वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी लागते, कारण बरेच वाफेवर जाते. मोठ्या हंड्यात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून तेच माप धरले की भाताचा गोळा होतो. नवशिक्याने भात वेळून काढावा हे बरे: भरपूर पाण्याला खळखळून आधण येऊ द्यावे, धुतलेले तांदूळ सोडावे, शीत दाबून पाहावे, आत किंचित कणी लागली की पेज गाळून हंडा झाकून निखाऱ्यावर ठेवावा. पेज गाळताना दोन धट्टी माणसे असावीत, हाती कोरडी फडकी असावीत, आणि पोरेटोरे दहा हात लांब. पेज फेकू नये, आमटीत जिरवावी. मीठ-तिखटाचेही तेच. हिशेबाने येते त्याच्या पाऊणपटच आधी घालावे, चाखावे, मग वाढवावे. घातलेले मीठ काढता येत नाही.

चौथी गोष्ट, घालण्याचा क्रम. डाळ पुरती शिजल्याशिवाय चिंच-आमसूल घालू नये. आंबटाने डाळ आखडते. खिरीचे गहू आदल्या दिवशी ओलवून, कांडून, पाखडून रात्रभर भिजत घालावेत. बोटाने चिरडतील इतके शिजले की मगच गूळ. गूळ आधी पडला तर गहू दडस राहतो. उकळत्या गुळाच्या खिरीत दूध ओतले तर नासते, म्हणून दूध वाढतेवेळी घालावे किंवा नारळाचे घालावे.

पाचवी गोष्ट पोटाच्या भीतीची आहे, ती नीट ऐकावी. महाप्रसादातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. देवाच्या प्रसादाला बाधा नसते, आपल्या हयगयीला असते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई असल्याशिवाय त्यांत आंबट शिजवू नये. भातात असे जंतू असतात की ज्यांचे बीज शिजवूनही मरत नाही. भात कोमट ढिगात तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि विष सोडतात; ते विष पुन्हा तापविल्याने जात नाही. म्हणून उरलेला भात दुसऱ्या दिवशी "प्रसाद आहे" म्हणून कुणास देऊ नये. टँकरचे पाणी शुद्ध केल्यावाचून वापरू नये. रांधणाऱ्याने आणि वाढणाऱ्याने साबणाने हात धुवावेत. ज्याला जुलाब-उलटी आहे त्याने त्या दिवशी टाळ वाजवावेत, झारा धरू नये.

सहावी गोष्ट, माणसे वाढली तर वरणात पाणी ओतू नये. ४ किलो बेसन, कांदा, मिरची, तेल बाजूस काढून ठेवावे. अर्ध्या तासात शंभर माणसांचे पिठले होते. पिठले-भाताने कुणाचा अपमान होत नाही, पाण्याने होतो.

आणि सातवी. नैवेद्य काढला की त्याच हाताने, त्याच वेळी, दोन डबे भरावेत. एकात काला, दुसऱ्यात जेवण. भांडी घासणाऱ्या, चुलीपाशी बसलेल्या, लाकडे फोडणाऱ्या मंडळींचा हा वाटा. तो झाकून, ऊन राहील असा ठेवावा आणि घटकाभराने त्यांना हातचे काम सोडवून, पाळीपाळीने, पाटावर बसवून वाढावा. उरले तर द्यायचे, ही भाषा महाप्रसादात नको.

एकनाथ महाराजांच्या चरित्रात कथा येते. पैठणास श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. त्या वासाने वाटेवरच्या भुकेल्या, गावाने दूर ठेवलेल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटले. नाथांनी ते सारे अन्न आधी त्यांना वाढले आणि मग नवा स्वयंपाक करविला. नाथांनी कुणाला उरलेले दिले नाही, पहिले दिले. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले आणि विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडले. दार उघडले, पण पंगतीत कोण कुठे बसतो आणि कुणाच्या पानावर काय पडते, हे अजूनही आपल्यालाच पाहावयाचे आहे.

पुढच्या वर्षी आम्ही त्या आजींना पहिल्या पंगतीस बोलाविले. त्या आल्या नाहीत. "भांडी कोण बघंल?" म्हणाल्या. मग आम्हीच द्रोणात काला घेऊन भांड्यांपाशी गेलो. त्यांनी राखेचे हात धुतले, पदराला पुसले, द्रोण कपाळी लावला, आणि त्यातला अर्धा शेजारच्या पोराच्या तळहातावर ठेविला.

तेव्हा मंडळी, पहिल्यांदा महाप्रसाद करीत असाल तर आधी शेवटच्या पंगतीचा हंडा ठरवा, मग पहिल्या पंगतीचा. आणि रांधणाऱ्यांनी सर्वांत शेवटी जेवावे. म्हणजे काय चुकले ते आपल्याच पानावर कळते.

रामकृष्णहरि.