वीज गेली तर पाती कुठे जातील?

लोणावळा

चि. सोनूस,

तुझा आराखडा नीट वाचला. तळेगावच्या शेडमध्ये तुम्ही मुलं दोन माणसांचं विमान बांधताय आणि इंजिन-प्रॉपेलरचा सगळा कारभार एका लिव्हरवर, एका इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर सोपवायचा तुझा विचार आहे. तो तू सोडावास म्हणून हे पत्र लिहीत नाही. कंट्रोलर काय काय करील हे तू पानंच्या पानं लिहिलं आहेस. त्याची वीज गेली तर इंजिन आणि पाती काय करतील, याबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. ती आधी लिही. बाकीचं तिच्यावरून ठरू दे.

एका लिव्हरची कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या फॉके-वुल्फ १९० विमानाला बीएमडब्ल्यू ८०१ इंजिन होतं. पायलट एकच लिव्हर हलवायचा. पेट्रोलचं मिश्रण, ठिणगीची वेळ, प्रॉपेलरचा कोन हे सगळं तेलाच्या दाबावर चालणारं एक यंत्र जुळवायचं. आमच्या जहाजांवरही, जिथे पंख्याच्या पात्यांचा कोन, म्हणजे पिच, बदलता येतो तिथे, ब्रिजवरचा एक लिव्हर फेरे आणि पिच दोन्ही सांभाळतो. इथे आयएनएस शिवाजीत १९४५ पासून नौदलाची माणसं इंजिनं शिकतात. मी तिथे शिकलो, पुढे शिकवलं. या पंख्यांचा पाठ सुरू करताना मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: तेलाचा दाब गेला तर पाती कुठे जातील?

विमानात याचं उत्तर किती विचारपूर्वक दिलेलं आहे बघ. एका इंजिनाच्या विमानात फेरे सांभाळणाऱ्या गव्हर्नरचा तेलदाब गेला की पाती सहसा फाईन पिचला, म्हणजे लहान कोनाला, जातात; त्यामुळे इंजिनाची पूर्ण ताकद मिळते आणि वर चढता येतं. दोन इंजिनांच्या विमानात ती उलट दिशेला, फेदरकडे, म्हणजे वाऱ्याला फक्त कड दाखवत, जातात, कारण तिथे बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा वारा अडवायला नको असतो. यंत्र तेच, आणि बिघडल्यावर कुठे जायचं ते प्रत्येकाचं वेगळं ठरवलेलं.

तू पात्यांचा कोन विजेच्या मोटरीने बदलणारा हब घेणार आहेस. त्याची वीज गेली की पाती असतील तिथेच थांबतात. हे सुरक्षित वाटतं, पण तसं नाही. समज, पवना धरणावरून सरळ वेगात येताना ती कोर्स पिचवर, म्हणजे मोठ्या कोनावर, अडकली. उतरताना धावपट्टी चुकली आणि पुन्हा वर जायची वेळ आली, तर इंजिनाला फेरे मिळणार नाहीत. त्याच्या उलट, कंट्रोलर बिघडून मोटर पाती फाईनकडे ढकलतच राहिली, तर इंजिन लाल रेषेपलीकडे धावेल. रोटॅक्स ९१२ इंजिनाला मिनिटाला ५८०० फेरे चालतात, तेही पाचच मिनिटं. म्हणून फाईनच्या टोकाला हबमध्येच धातूचा अडथळा हवा. सॉफ्टवेअरमधल्या मर्यादेवर विसंबू नकोस. कंट्रोलरला बाजूला सारून हाताने पिच बदलणारा स्विच हवा, त्याची तार आणि फ्यूज वेगळे. आणि थ्रॉटलची केबल सरळ हातात राहू दे. फेरे सुटले तर तेवढ्यानेच इंजिन आवरेल.

आता इंजिनाबद्दल. कार्बोरेटरऐवजी पेट्रोल-इंजेक्शनवाल्या इंजिनाला माझा विरोध नाही, कारण मावळची हवा मला माहीत आहे. पावसाळ्यात पारा वीस अंशांवर असतानाही कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो. इंजेक्शनला तो त्रास जवळजवळ नाही. शिवाय लोणावळ्याची उंची सहाशे मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे सात टक्के कमी; कंट्रोलर ते ओळखून पेट्रोल आपणहून बेताचं करतो. पण ठिणगी देणाऱ्या जुन्या मॅग्नेटोला बॅटरी लागतच नव्हती. २०१२ साली आलेल्या रोटॅक्स ९१२ आयएसमध्ये कंट्रोलरच्या दोन स्वतंत्र शाखा आहेत, दोन जनरेटर आहेत, आणि हे सगळं एवढ्यासाठी की पेट्रोलचे पंपसुद्धा विजेवर चालतात. वीज पूर्ण गेली की इंजिन थांबतं.

२००७ साली जर्मनीत श्पायर इथे डायमंड डीए४२ या दोन इंजिनांच्या विमानाचं काय झालं ते वाच. बॅटरी उतरलेली होती, म्हणून बाहेरची वीज लावून इंजिन सुरू केलं. उड्डाण झालं, चाकं वर घेतली. चाकं उचलणाऱ्या मोटरीने ओढलेल्या विजेमुळे व्होल्टेज क्षणभर पडलं, दोन्ही इंजिनांचे कंट्रोलर रिसेट झाले, दोन्ही इंजिनं थांबली, पाती फेदरला गेली. कंट्रोलर बिघडलेच नव्हते. दोन इंजिनांचा आधार एका उतरलेल्या बॅटरीपाशी येऊन संपला. तुझ्या आराखड्यात पिचची मोटर आणि इंजिनाचा कंट्रोलर एकाच बसवर, म्हणजे वीज वाटणाऱ्या एकाच पट्टीवर, आहेत. ते वेगळे कर. कंट्रोलरला स्वतःची छोटी बॅटरी दे, जिला मोटर, रेडिओ, दिवे यांतलं काहीही जोडलेलं नसेल.

मग विमान खुंटाला बांधून जमिनीवर चालवा. इंजिन पूर्ण ताकदीवर असताना मुख्य बॅटरी तोड. जनरेटर बंद कर. कंट्रोलरची एक शाखा बंद कर, मग दुसरी. रेडिओचं बटण दाबून धर आणि फेऱ्यांचा आकडा हलतो का बघ. सेन्सरच्या तारा नीट झाकलेल्या नसतील तर तो हलतो. प्रॉपेलरच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नकोस. इथली ओल कनेक्टर खाते, म्हणून एक पावसाळा गेल्यावर हे सगळं पुन्हा कर.

प्रत्येक चाचणीची नोंद तारखेसह ठेव. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) उडण्याची परवानगी मिळाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. विमान उभं राहिल्यावरही एवढी वाट पाहावी लागते. तुमची पाळी येईल तेव्हा समोरचा अधिकारी तुझा कोड वाचणार नाही, काय तोडून पाहिलंस ते विचारील.

दिवाळीत येशील तेव्हा वायरिंगचा नकाशा मोठ्या कागदावर काढून आण. लॅपटॉपवर नको, मला लाल पेन्सिलीने एकेक तार तोडून तुला विचारायचं आहे. ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा