उपदेश, सोबत आणि नाचणीची भाकरी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात रक्ततपासणीचे शिबिर झाले. माझे हिमोग्लोबिन ९.२ निघाले. माझ्या वयाच्या मुलीचे ते निदान १२ असावयास हवे. तपासणीनंतर आहारावर व्याख्यान झाले. सफरचंद, खजूर, बीट, अंडी अशी यादी आम्ही वहीत उतरवून घेतली आणि वही मिटली. व्याख्यात्यांचे काही चुकले असे मला म्हणावयाचे नाही; परंतु त्या यादीने आमच्यापैकी एकीचाही डबा बदलला नाही. असे का व्हावे, याचा विचार करीत असताना एक जुना प्रयोग वाचनात आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. जनावरांचे हृदय, गुर्दे वगैरे भाग पौष्टिक आणि स्वस्त. पण गृहिणी त्यांना हात लावीत नसत. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाने रेडक्रॉसमध्ये काम करणाऱ्या स्त्रियांचे सहा गट घेतले. एकेका गटात तेरा ते सतरा जणी. तीन गटांना उत्तम व्याख्यान दिले, पाककृतीही वाटल्या. उरलेल्या तीन गटांत मात्र बायकांनाच बोलू दिले. नवरा नाक मुरडील, शिजताना वास येतो, अशा अडचणी त्यांनी मांडल्या, त्यांवर आपसांत बोलल्या. शेवटी, कोण करून पाहील, असे विचारून हात वर करावयास सांगितले. पुढे चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३ जणींनी, तर चर्चा केलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी असा नवा पदार्थ घरी केला होता! यावर आक्षेपही आले. १९५५ साली एडिथ बेनेट यांनी असाच प्रयोग विद्यार्थ्यांवर केला. त्यांना आढळले की हात वर करणे एवढे महत्त्वाचे नाही. आपण ठरविले आहे आणि बरोबरीच्या बहुतेकांनीही तेच ठरविले आहे, ही जाणीव खरी काम करते.

आता आपल्याकडे येऊ. भोर-वेल्ह्याचा माणूस भातावर वाढलेला. खाचरांत इंद्रायणी आणि आंबेमोहोर, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते; सडलेल्या पांढऱ्या तांदळात दहादेखील भरत नाही. हुलग्यांत प्रथिने आणि लोह दोन्ही. पावसाळ्यात कुर्डू, टाकळा, भारंगी बांधाबांधावर फुकट मिळतात. म्हणजे कोठार आपल्या दारात आहे. मग माझे रक्त ९.२ का?

कारण सांगावयास संकोच वाटतो, पण सांगते. मी वेळवंड खोऱ्यातून सकाळच्या एस.टी.ने येते. आई पहाटे उठून नाचणीची भाकरी बांधून देते. ती काळी भाकरी वर्गातल्या मुलींच्या पांढऱ्या पोळ्यांशेजारी उघडावयाची मला लाज वाटे. डबा पिशवीत तसाच राही. दुपारी स्टँडवर वडापाव किंवा नुसताच चहा, आणि परतताना भाकरी गाडीच्या खिडकीतून बाहेर. आईला मी हे कधीच सांगितले नाही.

एके दिवशी वेल्ह्याकडची एक मैत्रीण लेडीज रूमच्या कोपऱ्यात पाठ करून जेवत होती. पाहते तो तिच्या डब्यातही तीच भाकरी आणि हुलग्यांची उसळ. दोघींनाही हसू आले. मग मी माझा डबा काढला. आठवड्याभरात आम्ही सहा जणी झालो. बसून ठरविले की डबा घरचाच, तो मधोमध उघडावयाचा, आणि जेवणानंतर तासभर चहा नाही, कारण चहाने अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. लिंबाची फोड एकीकडे सोपविली. तिच्यातील ‘क’ जीवनसत्त्वाने लोह शोषले जाते. चहाचा नियम सर्वांत जास्त वेळा मोडला, तोही बहुधा माझ्याच हातून.

चार महिन्यांनी माझे हिमोग्लोबिन १०.६ झाले. आरोग्य केंद्राच्या लोहाच्या गोळ्याही मी घेत होते, तेव्हा सारे श्रेय भाकरीला देता येणार नाही. मात्र गोळी घेतली का, असे विचारणाऱ्या पाच जणी नसत्या तर ती पाकिटातच राहिली असती. आमच्यातली एक मध्येच यावयाची थांबली. मला राग आला होता. नंतर कळले की तिच्या घरी सुगीनंतर काही महिन्यांतच धान्य संपते, आणि मधोमध ठेवावयास तिच्यापाशी काही नसे. ‘तू नुसती ये’ म्हणावयास आम्हांला दोन आठवडे लागले. लेविनच्या गटांतल्या बायकांपुढे हा प्रश्न नव्हता.

सरकारनेही ही वाट ओळखलेली दिसते. ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावातल्याच मुलामुलींना ‘साथिया’ म्हणून तयार करण्याची योजना आहे. गरज किती आहे ते २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून दिसते: देशातील १५ ते १९ वयाच्या दहा मुलींपैकी जवळजवळ सहा जणींना रक्तक्षय आहे.

आणि आमच्या आया? त्यांची पाहणी मी आमच्याच चुलीपाशी केली. आई सर्वांत शेवटी जेवते. भाजी उरली तर भाजीशी, नाही तर मिठाशी. मी तिला ताटावर बसवू लागले तर म्हणाली, “मी आधी बसले तर लोक काय म्हणतील?” माझे ऐकून तिचे ताट बदलणार नाही, हे मला तेव्हा उमगले, मी तिच्या बरोबरीची नव्हे. तिच्या बरोबरीच्या बायका बचत गटात आहेत. आपल्या दोन्ही तालुक्यांत असे गट गावोगाव आहेत. वेल्हे भागात ज्ञान प्रबोधिनीने त्यांचे काम वर्षानुवर्षे केले आहे. महिन्यातून एकदा या बायका हिशेबासाठी एकत्र बसतात आणि एकमेकींचे खरे ऐकतात.

पुढची बैठक आमच्या पडवीत आहे. मी दहा मिनिटे बोलू का, असे आईला विचारले. ती म्हणाली, “भाषण नको. हुलग्याचं माडगं कर आन समद्यांना वाढ, आमी बी तुझ्यासंगं बसतो.” हुलगे काल भरडून ठेवले आहेत.