घरचा कॉम्प्युटर बिघडला तर खर्च किती? दिवेआगरचा हिशेब

दिवेआगरमध्ये कॉम्प्युटर बिघडला की पहिला खर्च सुट्या भागाचा नसतो, जाण्यायेण्याचा असतो. किरकोळ काम बोर्ली पंचतनला होतं. पण ठरावीक प्रकारची रॅम किंवा एसएमपीएस (आत वीज पुरवणारा डबा) हवा असेल तर म्हसळा, नाहीतर थेट माणगाव गाठावं लागतं. सीपीयू रिक्षात घालून न्यायचा आणि झाला की पुन्हा आणायला जायचं, अशा दोन खेपा होतात. त्यामुळे दुकानाची पायरी चढण्याआधी बिघाड कुठे आहे हे घरीच ओळखता येणं, हीच आपल्याकडची सर्वात मोठी बचत आहे.

मी हे काम हौसेनं करतो. घरचा पीसी, शेजारच्या घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयीवाल्यांचे पीसी, मुलांच्या अभ्यासाचे पीसी असे बरेच उघडून पाहिले आहेत. बहुतेकांचं दुखणं स्वस्तातलं निघतं, पण पैसे मात्र भलत्याच जागी खर्च झालेले असतात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं यात फार होतं. खाली दिलेले भाव अंदाजे आहेत. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी झपाट्यानं महागले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. त्यामुळे या दोन वस्तूंचा भाव त्या दिवशीचाच विचारा.

वीज आणि खारी हवा

किनाऱ्यावर कॉम्प्युटरचे दोन वैरी आहेत. पहिला वैरी वीज. पावसाळ्यात लाइट जाते, येते, पुन्हा जाते, आणि येताना व्होल्टेज कमीजास्त होतं. त्यात पहिला बळी एसएमपीएसचा जातो. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल, दिवाही लागत नसेल, तर आधी दुसऱ्या वायरनं आणि दुसऱ्या सॉकेटवर लावून बघा. तरीही हालचाल नसेल तर संशय एसएमपीएसवर घ्यावा. साधा ७०० ते १,००० रुपयांना मिळतो, चांगल्या कंपनीचा २,००० ते ३,०००. माझं मत स्पष्ट आहे: इथे चांगलाच घ्या. स्वस्त एसएमपीएस जाताना मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. आणि एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहतो.

६०० व्हीएचा यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांना येतो. तो तासभर काम करण्यासाठी नाही, दहा-पंधरा मिनिटांत फाइल सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यासाठी आहे. त्याची १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांनी उतरते आणि ९०० ते १,२०० रुपयांना बदलता येते. यूपीएस ‘गेला’ म्हणून नवा घेणारे पुष्कळ असतात, पण गेलेली असते ती फक्त ही बॅटरी. घराचं अर्थिंग मात्र वायरमनकडून तपासून घ्या. ते ठीक नसेल तर बाकी सगळी सोय लंगडी आहे.

दुसरा वैरी खारी, दमट हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. घरांची छपरं उडाली आणि पाणी आत आलं, तेव्हाची हानी सगळ्यांना दिसली. पण वादळ नसतानाही हा खार दररोज थोडाथोडा आत जात असतो. पाहुण्यांचा हंगाम संपला की पीसीवर चादर टाकून जूनपासून थेट दिवाळीपर्यंत तो बंद ठेवायची आपल्याकडे रीत आहे. ती मोडा. पावसाळ्यात दर तीन-चार दिवसांनी तासभर मशीन चालू ठेवलं की आतल्या उष्णतेनं ओल निघून जाते. खर्च काही नाही.

चालू होतो, पण डिस्प्ले येत नाही

दिवेआगरमध्ये मी सर्वाधिक पाहिलेला बिघाड हाच. पंखा फिरतो, दिवा लागतो, कधी आतून पीप-पीप आवाज येतो आणि स्क्रीन काळीच राहते. दुकानात काही वेळा ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं जातं आणि तीन-चार हजारांचा आकडा ऐकू येतो. त्याआधी पुढचं एक काम करा.

वायर काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला विद्युतभार निघून जाईल. बाजूचा पत्रा उघडा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरेल. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही टोकांची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी वर येते. तिच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये ही ओळ बहुधा मंद, काळपट झालेली दिसते, कधी हिरवट ठिपकेही असतात. शाळेतला पांढरा, मऊ खोडरबर घ्या आणि ही कडा एकाच दिशेनं हलक्या हातानं पुसा, दोन्ही बाजूंनी. दात चकाकू लागतात. रबराचा भुगा कोरड्या ब्रशनं झाडा, रॅमची खाच ब्लोअरनं साफ करा आणि पट्टी पुन्हा बसवा. क्लिपचा ‘कट’ असा आवाज आला पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. खर्च खोडरबराचा, म्हणजे ५ रुपये. एवढ्यानंच चालू झालेले पीसी या गावात बरेच आहेत.

तारीख मागे गेली

हा बिघाड फसवा असतो. इंटरनेट चालू असतं, पण बँकेची साइट उघडत नाही आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणतो. लोक व्हायरस समजतात, वायफायवाल्याला बोलावतात, कोणी अँटिव्हायरस गळ्यात मारतो. उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागची दिसली तर दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा आहे. सीआर२०३२ ही बॅटरी ३० ते ६० रुपयांना किराणा दुकानातही मिळू शकते. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते आणि पीसीची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर साइट उघडू देत नाही, एवढंच यामागचं कारण.

फार स्लो झाला आहे

फॉरमॅट मारण्याआधी एक प्रश्न विचारा: आत हार्ड डिस्क आहे की एसएसडी? हार्ड डिस्क असेल तर फॉरमॅटचा उपयोग चार महिन्यांपुरता असतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. जो पीसी सुरू व्हायला तीन मिनिटं घेतो, तो एसएसडीनं अर्ध्या मिनिटात उभा राहतो. २५६ जीबीची एसएसडी बराच काळ दीड ते अडीच हजारांत मिळत असे, आता बरंच जास्त धरा. बसवणावळ ३०० ते ५०० रुपये. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर फोटोंसाठी तिथेच राहू द्या.

ती धडधाकट आहे का हे ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम सांगतो. पिवळा ‘कॉशन’ दिसला, किंवा डिस्कमधून टकटक आवाज यायला लागला, तर बाकी सगळं थांबवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवा. डिस्क पूर्ण गेल्यावर डेटा काढून देणाऱ्यांचे भाव पाच हजारांपासून सुरू होऊन पंचवीस-तीस हजारांवर जातात, आणि त्यातही हमी नसते. उलट, एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क चार-पाच हजारांच्या आसपास येते. पाहुण्यांचं बुकिंग, जमिनीचे स्कॅन केलेले उतारे, लग्नाचे फोटो हे सगळं एकाच डिस्कवर ठेवणाऱ्या घरांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो.

विंडोज १०चं काय करायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा आधार थांबवला. त्या दिवसापासून ‘आता नवा पीसीच घ्या’ हा सल्ला घरोघर फिरतो आहे. तो बऱ्याच घरांना लागू नाही.

आधी प्रोसेसरचा आकडा वाचा. ‘आय५-८४००’मध्ये रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि ४ जीबी रॅम असेल तर विंडोज ११ मोफत मिळतं. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हे तपासून सांगतो. कधीकधी टीपीएम मशीनमध्ये असतं, फक्त बायोसमध्ये बंद केलेलं असतं. ‘आय५-४५९०’ असेल तर चौथी पिढी, तिथे विंडोज ११ रीतसर चालत नाही. जुगाड करून टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या पीसीवर बँकेचं काम होतं त्यावर असला जुगाड नको.

अशा मशीनसाठी सुरक्षेचे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. त्याचे ३० डॉलर सांगितले जातात, पण मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ही मुदत पैसे न देता मिळते. विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती हवी. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर नोंदणीची लिंक दिसते. याचे पैसे कोणी वेगळे मागत असेल तर देऊ नका. ‘तुमचं विंडोज बंद पडणार आहे’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

परवान्याबद्दलही एक गोष्ट. विंडोज ११ होमचा परवाना दहा हजारांच्या आसपास जातो. पण तुमच्या पीसीवर आधी अधिकृत विंडोज असेल तर तो परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि पुन्हा टाकल्यावर इंटरनेट लावताच आपोआप चालू होतो. ‘फॉरमॅटसकट विंडोज ७०० रुपये’ म्हणणारा बरेचदा क्रॅक टाकतो आणि त्यासाठी अँटिव्हायरस बंद करून ठेवतो. त्याला आधीच सांगा: मूळ परवानाच वापर. आणि नव्या विंडोज ११मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते, तेव्हा तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

चौथ्या-पाचव्या पिढीच्या मशीनला मी लिनक्स मिंट सुचवतो. किंमत शून्य, डाउनलोड तीन जीबीच्या आसपास, आणि ३५०-४०० रुपयांचा पेनड्राइव्ह. मिंट २२ला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, जुन्या विंडोजला हातही लागत नाही. विंडोज सुरूच होत नसेल तेव्हा याच पेनड्राइव्हनं मी अनेकांचे फोटो बाहेर काढून दिले आहेत. ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि इन्स्क्रिप्ट मराठी टायपिंग उत्तम चालतं. पण टॅली, श्रीलिपीतला जुना मजकूर, डिजिटल सहीचं टोकन किंवा अंगठ्याचं मशीन वापरत असाल तर विंडोजच ठेवा. आणि प्रिंटर आधी तपासा. एचपीचे बरेचसे सहज चालतात, कॅननच्या लोकप्रिय एलबीपी २९००ला मात्र खटपट करावी लागते.

जुना पीसी विकत घ्यायचाच असेल तर ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे पीसी साधारण पंधरा ते वीस हजारांत मिळतात. आठ-दहा हजारांत चौथ्या पिढीचा ‘विंडोज ११ टाकून’ विकतात, तो घेऊ नका.

दुकानात

सीपीयू देण्याआधी फोनवर त्याचे आतले फोटो काढा, रॅम आणि डिस्कवरचे नंबर दिसतील असे. खर्चाचा आकडा आधी विचारा, बदललेला जुना भाग परत मागा. एसएसडीला तीन ते पाच वर्षांची वॉरंटी असते, पण बिल नसेल तर ती मिळवताना अडचण येते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार बिलाचे १८ टक्के वेगळे सांगतो म्हणून बिल सोडू नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वस्तू थोडी स्वस्त मिळते खरी, पण परत करायला पुन्हा मुंबई गाठावी लागते. ठीकठाक भावात जवळच्या दुकानातून घेतलेली मला जास्त पटते.

तरीही फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे न सुटल्यास रायगड जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला आहे, पण दरवेळी तिथवर जायची गरज नाही, ‘ई-जागृती’वर ऑनलाइन तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क लागत नाही. बिल जोडावं लागतं.